कष्टाला व्यायाम म्हणू नका

"आमच्या आजीनं कुठं जिम पाहिली होती? पहाटे उठून पाणी भरायची, जात्यावर दळायची, दहा माणसांचं रांधायची आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत होती." पुण्याच्या कसबा पेठेत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. ते बहुधा पुरुषाच्या तोंडून येतं, आणि घरातल्या कुणा बाईनं सकाळी तासभर बाहेर पडण्याचा विषय काढला की हमखास येतं. कामवाल्या बाईंबद्दल त्याचं रूप थोडं बदलतं: "तिला कसला व्यायाम हवा? चार घरची धुणीभांडी करते, तोच व्यायाम." तांबट आळीतल्या कारागिराकडे बोट दाखवूनही तेच म्हणतात: दंड बघा, पोट बघा, गेला होता का कुठल्या जिममध्ये?

या वाक्याचा मला राग येतो. त्यात शरीराबद्दल चुकीची समजूत आहे, आणि त्या समजुतीची किंमत ते म्हणणाऱ्याला द्यावी लागत नाही.

भार पडल्यावर शरीरात काय घडतं, तिथून सुरुवात करू. जड वस्तू उचलली की स्नायूंच्या तंतूंवर ताण येतो, काही तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्या घटकेला स्नायू बळकट होत नाही, थकतो. बळकटी मागाहून येते: पुढच्या एक-दोन दिवसांत, झोपेत, पोटात गेलेल्या डाळी-दुधातल्या प्रथिनांतून. शिवाय ती येते त्या भारापुरतीच. तोच भार रोज पडत राहिला की काही आठवड्यांत शरीर त्याला सरावतं आणि वाढ थांबते. वीस वर्षं तीच कळशी तेवढ्याच पायऱ्या चढवणाऱ्या बाईला जे बळ मिळायचं ते पहिल्या काही महिन्यांत मिळालं. पुढं तिच्या वाट्याला आली ती झीज. सांध्यातली कूर्चा, मणक्यांमधल्या चकत्या, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा यांना स्नायूइतकं रक्त मिळत नाही, त्यामुळे त्यांची दुरुस्ती संथपणे होते. रोज थोडी झीज आणि अर्धी दुरुस्ती, असा हिशेब चालू राहिला की चाळिशीत गुडघा बोलायला लागतो.

व्यायाम करणारा भार बेतानं वाढवतो, दुखलं तर थांबतो, आज पाय तर उद्या खांदे असं आलटूनपालटून करतो, नंतर खातो आणि झोपतो. कष्टात यातलं काहीच करणाऱ्याच्या हाती नसतं. सणाला शंभर पुरणपोळ्या लाटायच्या ठरल्या की खांदा भरून आला म्हणून तिला तीसवर थांबता येत नाही. दिवस भरत आले तरी धुणं थांबत नाही. ताप उतरला त्याच दिवशी ती ओट्यापाशी उभी असते.

हे तांबट आळीला नीट ठाऊक आहे. निदान तांब्याबाबत तरी. पत्र्यावर हातोडा पडत गेला की तांबं कडक होतं. तसंच ठोकत राहिलं तर चिरतं. म्हणून कारागीर मधेच भांडं भट्टीत घालतो, लालबुंद होऊ देतो, पत्रा पुन्हा मऊ पडला की पुढचे ठोके. ताव न देता हंडा घडत नाही. शरीराला लागणारी विश्रांती हा तसाच ताव आहे, पण भांड्याला तो वेळेवर देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या खांद्याला तो मिळत नाही.

त्वष्टा कासारांची ही आळी पेशवाईपासूनची. बंब, घंगाळ, हंडे, कळश्या इथं घडल्या. आज यंत्रांनी बरंच काम घेतलं आहे, पण मठारकाम अजून हातावर होतं. ते जवळून पाहावं. भांडं लोखंडी दांड्यावर पालथं घातलेलं असतं. डावा हात ते बोटभर फिरवतो, उजवा ठोका घालतो. पुन्हा बोटभर, पुन्हा ठोका. ठोका पडतो तिथं छोटासा गोल खळगा उमटतो, खळग्याला खळगा लागून ओळ फिरते, ओळीखाली ओळ. पाहणाऱ्याची नजर त्या चकाकीवर खिळते. माणसाकडे पाहिलं तर तो जमिनीवर बसलेला दिसतो, पाठ कमानीसारखी, मान खाली. उजवा दंड आणि मनगट भरलेलं असतं, यात वाद नाही. पण शरीरातले सगळ्यांत मोठे स्नायू मांड्यांचे आणि ढुंगणाचे, ते दिवसभर मुडपलेले. दमदार चालण्यात लागतो तसा श्वास लागत नाही, म्हणून हृदयाला शिकवण मिळत नाही. डावा हात भांडं गच्च धरून असतो. आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्तदाब चढतो. चालताना, पोहताना, बैठका मारताना याउलट घडतं. मोठे स्नायू आळीपाळीनं आवळतात आणि सैल होतात, वाहिन्या रुंदावतात, दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायची सवय हृदयाला लागते, आणि व्यायाम संपल्यावर पुढचे काही तास रक्तदाब नेहमीपेक्षा खाली राहतो. दोन्हींत घाम येतो. घाम हा पुरावा धरला की फसगत होते.

मग कानांचं काय? बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्यानं 1700 साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन आहे: एकाच वस्तीत राहणारे, जमिनीवर लहान चटईवर वाकून बसलेले, दिवसभर तांबं ठोकणारे, आणि म्हातारपणी बहिरे झालेले. नाव बदललं तर ते वर्णन आपल्या आळीला लागू पडतं. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी आवाजानं मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आठ तासांच्या कामाला 85 डेसिबलची मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरली जाते, आणि बंद जागेतला धातूवरचा हातोडा ती सहज ओलांडतो. त्या कारागिराच्या दंडाचं कौतुक करणारे त्याच्याशी मोठ्यानं का बोलावं लागतं, हे विचारत नाहीत.

आता इतिहासाकडे येतो, कारण "व्यायाम हे आजकालचं फॅड" असं पुण्यात, तेही कसब्यात उभं राहून म्हणणं मला सहन होत नाही. अगरवाल तालीम याच पेठेत आहे. शुक्रवारात चिंचेची तालीम आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं, ही गोष्ट पुण्यातल्या पोरासोरांना माहीत असते. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी 1924 साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं. ठरवून, शिकून, रोज शरीर घडवणं ही या शहराची जुनी रीत आहे.

त्या तालमीत काय चालायचं तेही पाहा. पहाटे जोर-बैठका. वस्ताद समोर उभा, आकडा तो ठरवणार, पोराची कुवत बघून वाढवणार. नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका कुणी सांगत नसे. मेहनत झाली की अंग रगडून घ्यायचं, मग खुराक: दूध, तूप, बदाम. दुपारी झोप, आणि तीही सक्तीची. संध्याकाळी लाल मातीत उतरायचं. माती दही, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली, पडणाऱ्याचं अंग सोलवटू नये म्हणून. भार, वाढ, अन्न, झोप, इजेची काळजी, आजच्या शरीरविज्ञानात ज्या गोष्टी सांगतात त्या सगळ्या वस्तादाला अनुभवातून कळल्या होत्या. नुसते कष्ट पुरले असते तर कुंभारवाड्यात माती तुडवणारा किंवा बाजारात पोती वाहणारा हमाल आयताच पैलवान झाला असता. तसं झालं नाही, हे त्या काळच्या माणसांनाही दिसत होतं.

त्या तालमीचं दार बायकांना बंद होतं. पेठेतल्या निम्म्या माणसांना जे नाकारलं, त्याचीच आज "त्यांना गरजच नव्हती" अशी गोष्ट झाली आहे.

म्हणून आजीबद्दल बोलायला हवं. नव्वदीपर्यंत जगलेली आजी आपल्याला आठवते, कारण ती जगली. तिची जाऊ तिसऱ्या बाळंतपणात गेली, तिची नणंद क्षयानं गेली. त्यांचे फोटो भिंतीवर नाहीत आणि त्यांची उदाहरणं कुणी देत नाही. 1951 च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. त्यातला मोठा वाटा बालमृत्यूंचा, हे मान्य. पण बाळंतपणात दगावणाऱ्या बायकाही त्याच आकड्यात आहेत. आणि जी जगली ती ठणठणीत होती, हे कुणी तपासलं? जुन्या बायकांच्या दबक्या बोलण्यात एक तक्रार असायची, "अंग बाहेर येतं." ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, गर्भाशय आणि मूत्राशय तिच्यावर तोललेलं असतं. बाळंतपणात ती ताणली जाते आणि पूर्ववत व्हायला तिला आठवडेच्या आठवडे लागतात. त्या आठवड्यांत भरलेल्या घागरी उचलल्या, पाठोपाठ पाच-सहा बाळंतपणं झाली, की झोळी खचते. ती बाई नव्वदीपर्यंत जगली असेलही. चाळीस वर्षं ती खोकताना, हसताना, जिना उतरताना काय सोसत होती, हे तिनं मुलाला सांगितलं नाही, आणि नातू आज तिच्या तब्येतीचे दाखले देतो.

आजीच्या बाजूचंही एक खरं आहे, ते लपवत नाही. ती चालायची. जमिनीवर बसून उठायची, त्यामुळे तिचे खुबे मोकळे राहिले. साखर कमी खायची. तिच्या दीर्घायुष्याचं श्रेय द्यायचंच तर मी ते या गोष्टींना आणि नशिबाला देईन. घागरीला देणार नाही.

पुण्याच्याच संशोधनात याहून कडक पुरावा आहे. केईएम रुग्णालय रास्ता पेठेत, कसब्यातून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी त्याच अभ्यासातून 2003 साली एक निष्कर्ष मांडला. गरोदरपणात शेतीचं, पाणी भरण्याचं, घरातलं काम जितकं जास्त, तितकं बाळ लहान: वजन कमी, डोक्याचा घेर कमी, दंडाचा घेर कमी. म्हणजे ज्या कष्टांना आपण व्यायाम म्हणून गौरवतो ते पोटातल्या बाळाच्या वाढीतून वजा होत होते. आधीच कमी खाणारी, रक्त कमी असलेली बाई कामात ऊर्जा खर्चून बसली की बाळाला उरणार काय? रक्ताची ती कमतरता आजही संपलेली नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेल्या शरीराकडून कष्ट काढून घ्यायचे आणि वर त्याला व्यायाम म्हणायचं, हे मला क्रूर वाटतं.

याज्ञिकांचं दुसरं काम पेठेतल्या प्रत्येक किडकिडीत माणसानं वाचावं असं आहे. 2004 साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघंही डॉक्टर, उंची-वजनाच्या प्रमाणात दोघांचा निर्देशांक एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि हे जन्मापासून असतं: पुण्याच्या त्या गावांतली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच हलकी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं शाबूत. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त रिचवतो तो स्नायू. आकुंचन पावणारा स्नायू तर इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढतो. ज्याच्या अंगात मुळात स्नायू कमी, त्याला मधुमेह लवकर गाठतो. तेव्हा "माझी अंगकाठीच बारीक, मला काय करायचाय व्यायाम" असं पुण्यात तरी कुणी म्हणू नये. आपल्याला स्नायू कमवावे लागतात, इतरांपेक्षा जरा जास्तच. आणि ते भांडी घासून कमावले जात नाहीत. स्वयंपाकाला, भांड्यांना विश्रांतीच्या दुप्पट-अडीचपट ऊर्जा लागते. भरभर चालायला चौपटीच्या आसपास. दिवसभर दमणं आणि शरीराला पुरेसं आव्हान मिळणं, यांत इतकं अंतर आहे.

माझ्याविरुद्धचा सर्वांत भक्कम दाखला लंडनचा आहे, आणि तो टाळून पुढं जाणं बरं नव्हे. जेरेमी मॉरिस यांनी 1953 साली दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. म्हणजे कामातल्या हालचालीनं फायदा झाला. झालाच. पण वाहकाचं काम कसलं होतं ते पाहा: पाय चालते, श्वास वाढलेला, पाठ सरळ, अंगावर ओझं नाही, पाळी संपली की घरी. याच मॉरिस यांनी पुढं ब्रिटिश सरकारी नोकरांचा अभ्यास केला, तेव्हा हृदयाला संरक्षण मिळालेलं दिसलं ते फावल्या वेळात जोमदार व्यायाम करणाऱ्यांना. आणि 2021 साली कोपनहेगनच्या लाखाहून जास्त माणसांच्या पाहणीत अँड्रियास होल्टरमन आणि सहकाऱ्यांना दोन उलट रेषा दिसल्या. फावल्या वेळातली हालचाल जितकी जास्त तितका हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी. कामावरचे शारीरिक कष्ट जितके जास्त तितका धोका जास्त. कष्टाची कामं करणारे गरीब असतात, त्यांच्यात सिगारेटचं प्रमाण जास्त असतं, म्हणून तसं दिसत असेल, असा आक्षेप घेतला जातो. संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण, धूम्रपान हिशेबात धरूनही रेषा तशाच राहिल्या, तरी अभ्यासकांतला वाद मिटलेला नाही. तो मिटेपर्यंत एवढं नक्की म्हणता येतं की "कष्ट करतो म्हणजे व्यायाम झाला" याला आधार नाही.

राहिला जिमचा मुद्दा. तिथं प्रथिनांच्या पावडरीचे डबे विकतात, आरसे विकतात, कोवळ्या पोरांना इंजेक्शनं टोचून घ्यायची हौस लावणारेही भेटतात. त्या धंद्याविरुद्ध बोलायला मी पुढं येईन. पण दुकानदार लबाड आहे म्हणून भूक खोटी ठरत नाही. आठवड्याला 150 मिनिटं दमदार चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण, एवढंच जागतिक आरोग्य संघटना मागते. त्याला डबा लागत नाही. साठीच्या बाईनं खुर्चीतून हात न टेकता उठावं-बसावं, वाड्याच्या पायरीवर कठडा धरून टाचा उचलाव्यात, भिंतीवर तळवे टेकून जोर काढावेत, ओटीपोटाचा तळ आवळून सोडावा. दर पंधरवड्याला थोडी भर घालावी. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबून डॉक्टरकडे जावं. यातलं काहीही झाडू मारताना आपोआप होत नाही.

पण यासाठी तिला वेळ आणि जागा लागते, आणि ती देणं दुसऱ्यांच्या हातात आहे. पेठेतल्या तालमींनी आठवड्यातल्या काही सकाळी बायकांसाठी राखाव्यात. महापालिकेच्या शाळांची पटांगणं शाळा भरण्याआधी रिकामी असतात, ती उघडावीत. गणेश मंडळांकडे जागा आहे, माणसं आहेत, वर्षाचे दहा दिवस सोडून उरलेले दिवस आहेत. तांबट आळीत ठोके घालणाऱ्या प्रत्येकाच्या कानात बोळे हवेत, बैठकीला टेकू हवा, आणि तासाला उठून चार पावलं चालल्यानं त्याची मजुरी बुडणार नाही असा हिशेब मालकानं बसवायला हवा.

चार घरची कामं करणाऱ्या बाईला प्रत्येक घरानं आठवड्याची एकच, ठरलेली, पगारी सुट्टी द्यावी. चारही घरांनी मिळून एकच वार धरावा, म्हणजे तो दिवस खरंच मोकळा जाईल. पहिले काही आठवडे ती त्या दिवशी नुसती झोपेल. झोपू द्यावं. वर्षानुवर्षांची थकबाकी आहे ती. चालायला जाण्याबद्दल तिच्याशी बोलायचं ते त्यानंतर.